डोंगरातला मुक्काम

आमच्या दूध सोसायटीत माप घेणारा एक माणूस हाय. दुष्काळानं दूध निम्म्यावर आलं, पण त्याचा नेम चुकला न्हाई. शनिवारी सोसायटी बंद झाली, की घोंगडी आन् पाण्याचा कॅन घेऊन तो डोंगरात मुक्कामाला जातो. जागा ठरलेली न्हाई. आमी ऊस तोडायला जाऊन पोटासाठी उघड्यावर निजलो. हा हौसेनं निजतो.

मी एकदा इचारलं, "कशाला जातो रं? घरात ढेकणं झाली का?"

"घरातून आभाळ दिसत न्हाई, आबा. चला की तुमी!"

"मला न्हाई याड लागलं."

मन लई वढ घेतं, पण गुडघ्यांना चढ झेपत न्हाई. हे त्याला सांगणं माझ्या जिवावर येतं.

निघताना तो चुलीचे दगड पांगवतो, राख मातीत मिसळतो. आपण राहून गेलो हे डोंगराला कळू नये म्हणतो.

परवा तो वर गेलाच न्हाई. माझ्या बांधापलीकडं कोरड्या ओढ्यात त्यानं चुलीचे तीन दगड मांडले.

"वर पाणी न्हाई, आबा."

पाणी तर तो कायम खालूनच नेतो. मी घोंगडी घेतली आन् गेलो.

सकाळी निघताना त्यानं चूल मोडली न्हाई.