फोनला नाव न विचारणारे मूनसर

प्रभाकर मूनसर पहिल्यांदा माझ्या कचेरीच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत सहा मोबाइल, त्यांतले चार फुटक्या काचेचे. वर्ध्यातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाची मी तेव्हा अधीक्षक होते. कुणी दुरुस्तीवाला समजून मी त्यांना मागच्या दारानं यायला सांगितलं. ते मुकाट्यानं वळसा घालून आले आणि म्हणाले, "मॅडम, मी मून. तुमची वेबसाइट मलेच करायची आहे."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. चुकलं की 'सॉरी' म्हणावं, हे तिथं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्या दिवशी मी म्हटलं नाही. सरांना साठ वर्षं पूर्ण होताहेत, तर आज या गौरवग्रंथात छापून म्हणते.

ते फोन त्यांनी शेजारपाजारच्यांकडून मागून आणले होते. "आपल्या पोरी असलेच फोन घेऊन येतीन," हे त्यांचं कारण. साइट उघडणारा फोन आपण मोबाइल की संगणक, ब्राउझर कोणता, हे आपणहून सांगतो, असं त्यांनी मला समजावलं. त्यावरून आमची साइट मोबाइलला अरुंद पान दाखवायची आणि संगणकाला रुंद. मला ते फार शिस्तीचं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी प्रवेशाची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी रोहणा गावची प्रतीक्षा आईला घेऊन आली. "मॅडम, फॉर्म पुरा भरला, पन शेवटचं बटनच नाई दिसून राह्यलं." मी तिला झापलं. "बटण दिसत नाही, हे कारण मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकते आहे!" तिची आई म्हणाली, "लेकरू खोटं नाई बोलत, बाई. होस्टेल नाई भेटलं तर कॉलेज बंद. रोज जानंयेनं नाई जमत."

मूनसरांनी वाद घातला नाही. तिचा फोन हातात घेतला आणि विचारलं, "हे 'डेस्कटॉप साइट'ची टिक कोनं केली, बेटा?"

"गावात सगळ्याइनंच केली, सर. शिष्यवृत्तीचा फॉर्म तसाच उघडे."

म्हणजे रोहण्यातले फोन आमच्या साइटला 'मी संगणक' असं सांगत होते. साइट त्यांना रुंद पान देत होती आणि 'सादर करा'चं बटण पडद्याच्या उजवीकडे पार बाहेर जात होतं.

प्रकरण समितीपुढे गेलं. सचिव म्हणाले, "जिले फॉर्म भरता येत नाई, ते शिकनार काय?" मी म्हटलं, "साहेब, तुमचे ई-मेल सूनबाई वाचून दाखवतात, तरी तुम्ही सचिव आहातच की." ते लाल झाले. सरांची वर्षावर्षाची नेमणूक त्याच महिन्यात संपत होती आणि नव्या आदेशावर सही याच गृहस्थांची. म्हणून मी सरांना हळूच म्हटलं, "चूक संगणकाची, म्हणून टाका."

"त्याले काय कळते, मॅडम?" सर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "फोन म्हनन ते खरं धर, हे त्याले मीच सांगतलं. चूक माही आहे." मग त्यांनी साइटच्या नोंदींचा कागद टेबलावर ठेवला. प्रतीक्षाचा नंबर, वेळ, शेवटचं पान, सगळं मुदतीच्या आतलं. तिच्याखाली तशाच अडकलेल्या आणखी मुलींचे नंबर. "ह्या पोरी वेळेवर आल्या होत्या. दार आपलंच उघडलं नाई."

समितीनं मुदत वाढवली. सरांनी प्रत्येक नंबरावर स्वतः फोन केला. आंजीच्या एका मुलीच्या वडिलांना तर तीनदा, कारण ते दर वेळी "लोन नाई पायजे" म्हणून ठेवून देत. प्रतीक्षाला खोली मिळाली. आज ती सेलूकडे एका शाळेत शिकवते.

त्यानंतर सरांनी साइटला आलेल्या फोनचं नाव विचारणंच बंद करायला लावलं. पडदा बोटानं चालतो की माऊसनं, एवढंच ती बघते. बटणही शेवटच्या रकान्याच्या खाली, डावीकडे आलं. कुठल्याही फोनवर सापडावं असं. आलेला कोण आहे हे त्याच्या नावावरून ठरवू नये, असं सर कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या कामात ते दिसतं.

त्यांची नेमणूक मात्र अजूनही वर्षावर्षाचीच आहे. संस्थेनं सत्काराची शाल तत्परतेनं आणली. कायम नेमणुकीचा कागद तेवढा कुणाला सापडत नाही. हा ग्रंथ समितीही वाचणार आहे, म्हणून हे वाक्य इथं मुद्दाम ठेवते आहे.

मूनसरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. डोळे शाबूत राहोत, पिशवीत फुटक्या काचेचे फोन येत राहोत. आणि यापुढे ते ज्या कचेरीत जातील, तिथं त्यांच्यासाठी पुढचंच दार उघडो.