तनू कुठल्या यादीत?

उल्का तुस्कानो नॉटिंगहॅमच्या केअर होममध्ये म्हाताऱ्यांना उठवते, न्हाऊ घालते, घास भरवते. तिची स्वतःची नऊ वर्षांची तनू मात्र वसईला, निर्मळ गावात, आजीच्या हातचं जेवते. केअर व्हिसावर आता मुलं आणता येत नाहीत, आणि उल्का आली ती नेमकी नियम बदलल्यावर.

दर दुसऱ्या रविवारी ती चर्चमध्ये प्रार्थना वाचते. कुणी वाचायचं, काय वाचायचं, हे ठरवतात सत्तरी ओलांडलेल्या मॉरीन. त्या रविवारी मिस्सेआधी त्यांनी तिचा कागद चष्म्याजवळ धरला.

"आजाऱ्यांच्या यादीत ही तनू कोण?"

"माझी मुलगी."

"काय होतंय तिला?"

"काही नाही."

"अगं मग? नावं फक्त आजाऱ्यांची आणि वारलेल्यांची वाचतो आपण. ही धड आजारी नाही, धड मेलेली नाही."

उल्कानं चटकन क्रूसाची खूण केली. "असं नका ना बोलू! व्हिसा तिला येऊ देत नाही, म्हणून लिहिलं."

"हे राजकारण झालं, पोरी. देशाला दार लागतंच."

"असू द्या की दार. मी कुठे तोडा म्हणतेय?"

झगा चढवता चढवता फादर म्हणाले, "चर्च दोन्ही सांगतं, मॉरीन. देशानं दार राखावं, आणि आईपासून लेकरू तोडू नये."

"तुमचे वडील आयर्लंडहून आले," उल्कानं मॉरीनना हळूच विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"गावी. आईजवळ. चार वर्षं." एवढं बोलून मॉरीननी 'तनू'वर रेघ ओढलीच.

उल्कानं राज्यकर्त्यांसाठी वाचलं, सीमेवर राबणाऱ्यांसाठी वाचलं, मग आजाऱ्यांची नावं. रेघेपाशी थबकली. वाचलं, तर वाचन हातचं जाणार. पहिल्या बाकावर मॉरीन, मान खाली.

"...आणि तनू."

सवयीनं सगळे म्हणाले, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

नंतर चहाच्या टेबलाशी एका आजोबांनी विचारलंच, "तनूला काय झालंय गं?"

किटलीमागून मॉरीन म्हणाल्या, "व्हिसाचं दुखणं. लांबतं ते."

मग उल्काच्या हातात कप देत पुटपुटल्या, "आणि खोडलेलं वाचायचंच असलं, तर आधी सांगत जा. उगाच पेन झिजवलं."