भावबिजेची होडी

माझ्या वेदशाळेतल्या स्नेह्यांइतका अस्वस्थ जीव विधात्याने दुसरा घडवला असेल, असे मला वाटत नाही. आणि घडवलाच असेल, तर तो पाहायला एका जागी सापडणार नाही. पुरुषसूक्त ते अशा वेगाने म्हणत, की सहस्र मस्तकांच्या त्या पुरुषालाही ऐकून घेण्यास उसंत मिळू नये. त्यांच्या प्रदक्षिणा पाहून भाविक आपापल्या वहाणा जपत. लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकालाच साऱ्या अक्षता टाकून ते पंगतीचा कानोसा घेत, आणि पंगतीत मठ्ठा येण्यापूर्वी हात धुऊन मोकळे होत.

साठ सालाच्या आसपास आम्ही दोघे खाडीच्या एका काठी राहत असू. त्यांची थोरली बहीण, अक्का, पलीकडच्या काठी बेलापुरास दिलेली. किल्ल्याच्या पडक्या बुरुजाखाली कौलारू घरे, दोरीवर वाळणारे बोंबील, पलीकडे मिठागरे, असे ते निवांत गाव. दर भावबिजेला आम्ही होडीने तेथे जात असू. मला बहीण नाही, म्हणून अक्का मलाही ओवाळीत. भावाने एकदा तरी पोटभर जेवावे, एवढीच त्यांची इच्छा. परंतु ओवाळणी घालताच स्नेही उठत आणि हातातली करंजी चालता चालता संपवीत.

त्या वर्षी पाने वाढली जात असतानाच ते उठले. "ओहोटी लागेल, अक्का! चिखलात रुतू!"

"अरे, भरती अजून पुरती चढलीसुद्धा नाही. पहाटेपासून चुलीपुढे बसलेय मी."

"पुढच्या वर्षी नक्की!"

"दर वर्षी हेच सांगतोस."

तोवर ते अंगणाबाहेर. मी मागोमाग धावलो. धक्क्यावर होडी बांधलेली, आणि नावाडी शेजारच्या ओटीवर पाटावर बसलेला, कपाळी ओला टिळा.

"चल रे, लवकर!" स्नेही ओरडले.

"कुटं चल? दर साली तुमच्यापायी ताटावरून उठतंय, औंदा बहीन रुसली हाय. जेवल्याबिगर होरी सोरायचो नाय. तुमाला बहीन नाय का, दादा?"

स्नेही आल्या पावली परतले. अक्का वाढलेल्या पानांपुढे तशाच बसून होत्या. त्यांनी पाट सरळ केला. स्नेही जेवले, मांडी घातलेल्या पायाचा गुडघा सारखा हलत होता, तरी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

दुपार कलताना अंगणातून नावाड्याची हाक आली, "दादा, पानी उतराया लागलं, चला!"

"थांब जरा," ते म्हणाले, "अक्का जेवायची आहे अजून."

त्यांनी स्वतः बहिणीचे पान मांडले आणि भात वाढला, तोही अशा घाईने, की निम्मा पानाबाहेर पडला. सांडलेले एकेक शीत अक्का वेचून पानात घेत होत्या. आणि बाहेर खाडीचे पाणी सावकाश ओसरत होते.