पाहुण्याला विचारायचं नसतं

अग्रिपिनाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बेल्त्सी शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये तिने बावीस वर्षं सूप ढवळलं आणि डावाबरोबर जीभही चालवली. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचं मोडलं, मुकादमाने नवे दात कुठे बसवले, सगळं सुपाबरोबरच वाढलं जाई. कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांना पगाराच्या खालोखाल तिच्या बातम्यांची चुटपुट लागली.

अशा बाईला नोकरी कुठे मिळावी? तर ज्याचा पत्ता कोणाला सांगायचा नाही अशा घरात! कामाच्या आमिषाने परदेशी नेलेल्या, तिथे विकल्या गेलेल्या आणि त्यातून सुटून आलेल्या बायकांसाठी शहरात एक घर होतं. वर खोल्या, खाली स्वयंपाकघर. डॉक्टर यायचे, मन मोकळं करायला एक समुपदेशक बाई होत्या, हिसकावून घेतलेली कागदपत्रं नव्याने काढून देणारा वकील होता. या सगळ्यांवर ल्युडमिलाबाई.

"गुपित राखता येतं?" ल्युडमिलाबाईंनी मुलाखतीत विचारलं.

"आजवर कधी राखलं नाही," अग्रिपिना म्हणाली. "पण स्वयंपाक चोख करते."

इतकं खरं बोलणारी बाई पुन्हा मिळायची नाही म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं. आणि या खऱ्या बाईने पहिल्याच दिवशी शेजारणींना थाप मारली, की मी रस्त्याच्या कामगारांचं जेवण करते. सहा वर्षं ही एकच थाप तिने इमानाने सांभाळली. बाकी सगळ्या विषयांवर ती दुप्पट बोलली.

घराचा एक नियम मात्र तिला फार जड गेला. आलेल्या बाईला काही विचारायचं नाही. कुठे होतीस, कोणी नेलं, काय सोसलंस, काही नाही. ती सांगेल तेव्हा ऐकायचं. अग्रिपिनाच्या वाट्याला एकच प्रश्न आला होता: "काय खाशील?"

युस्तिना आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. या प्रश्नावर ती नुसती बघत राहिली. दोन वर्षांत तिला काय हवंय हे कोणी विचारलंच नव्हतं, तर उत्तर कुठून येणार? अग्रिपिनाने रोज सकाळी विचारलं. एकोणिसाव्या दिवशी युस्तिना हळूच म्हणाली, "कोंबडीचं आंबट सूप. घरच्या शेवया घालून. आई करते तसं." अग्रिपिना शेवया लाटायला बसली आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसत राहिली. त्या दिवशी सगळ्या घराने तिच्या पांढऱ्या भुवया पाहिल्या.

आठ महिन्यांत युस्तिना खूप सावरली. शिवण शिकली, मोठ्याने हसायला लागली, कोर्टात साक्ष देऊन आली. तिला फसवून नेणारा तुरुंगात गेला. तेवढी एकच गोष्ट होईना. गाव तासाभराच्या अंतरावर, तिथे आई एकटी, आणि ही घरी जाईना. आईला तिने फोनवर सांगितलं होतं, इटलीत कारखान्यात आहे म्हणून.

"दारात पाऊल टाकलं की विचारतील, मावशी. कुठे होतीस, अशी रिकाम्या हातांनी का आलीस. मला एकाचंही उत्तर देता यायचं नाही."

अग्रिपिनाने बटाटा सोलता सोलता विचारलं, "तुमच्या गावच्या संताचा दिवस कधी?"

"एकवीस नोव्हेंबर."

"मग त्या दिवशी जाऊ. त्या दिवशी पाहुण्याला कोण काय विचारतं गं? वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतात. तू कोण, कशाला आलास, असं विचारलं तर यजमानाचीच अब्रू जाते."

ल्युडमिलाबाई युस्तिनाशी दोन दिवस निवांत बोलल्या. मग अग्रिपिनाला म्हणाल्या, "तिला वाटेल तिथून परत फिरायचं. आग्रह करायचा नाही."

"आग्रह? मी?" म्हणत अग्रिपिनाने त्यांच्या ताटलीत तिसऱ्यांदा वाढलं.

एकवीस तारखेला दोघी मिनीबसमधून उतरल्या. गावातली सगळी फाटकं उघडी होती, घराघरातून अकॉर्डियन वाजत होतं. आईच्या फाटकासमोर मात्र युस्तिनाचे पाय थबकले.

"नाही जमत, मावशी."

अग्रिपिनाच्या जिभेवर दहा वाक्यं आली. तिने दहाही गिळली. "बरं. मग?"

"शेजारी त्रोफिमकाकांकडे बसू. त्यांच्या खिडकीतून आमचं अंगण दिसतं. आईला नुसतं डोळे भरून बघते आणि जाऊ."

त्रोफिमने दार उघडलं. "अगं, ही तर फेव्रोनियाची…" म्हणाला आणि तिथेच थांबला. गावची रीत त्याला पाठ होती. त्याने दोघींच्या हातात घरच्या वाइनचे पेले दिले आणि कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भात-खिम्याच्या मुटक्यांची परात पुढे सरकवली. त्याच्या बायकोला मात्र रीत पाळताना धाप लागत होती.

"काय गं, इटलीत म्हणे तू…"

"इटलीचं सोडा!" अग्रिपिना मधे पडली. "आमच्या कारखान्यात एकदा काय झालं माहितीये? बॉयलरवरचा सिमिओन, त्याची मिशी…" आणि तिची गाडी सुटली. बॉयलर झाला, मिशी झाली, मुकादमाचे दात झाले, त्या दातांच्या जोरावर त्याची तीन लग्नं झाली. त्रोफिमची बायको प्रश्नासाठी तोंड उघडी, तोवर त्यात हसूच भरलेलं असे. आयुष्यभर जिला लोकांनी 'जरा गप्प बस गं बाई' म्हटलं, ती त्या दुपारी दोन तास एका मुलीला पाठीशी घालून बोलत राहिली. युस्तिना खिडकीशी बसून अंगणातल्या आईकडे बघत होती. आई वाकली होती थोडी. डोक्याला रुमाल मात्र तोच, निळा.

तेवढ्यात अंगणातली आई दिसेनाशी झाली आणि मागच्या दारातून आवाज आला, "त्रोफिम, बाक आहे का रे एखादा? पाहुणे वाढलेत."

फेव्रोनिया आत आली. युस्तिना उभी राहिली. अग्रिपिनाची गोष्ट अर्ध्यावरच राहिली. फेव्रोनियाने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग तिची नजर ताटलीतल्या अर्ध्या मुटक्याकडे गेली.

"हिच्या हातचं आधी खाल्लंस?" ती म्हणाली. "स्वतःच्या आईचं घर शेजारी असताना?"

"का? माझ्या मुटक्यांना काय धाड भरलीय?" त्रोफिमची बायको उसळली.

"भात कच्चा असतो तुझा! वीस वर्षं सांगतेय!"

त्रोफिम आधी हसला, मग सगळेच. युस्तिना हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"रडतेस काय, कार्टे! बाकाचं दुसरं टोक धर."

मायलेकींनी बाक उचलला आणि फाटकातून आत नेला. अग्रिपिना मागून आपला आणि युस्तिनाचा कोट घेऊन चालली. फेव्रोनियाकडे तिला पुन्हा पहिल्यापासून जेवावं लागलं. फेव्रोनियाने लेकीला एक शब्द विचारला नाही. नुसती वाढत राहिली, आणि वाढताना दर खेपेला तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी परतीची मिनीबस आली. युस्तिना आईचा एप्रन बांधून फाटकापर्यंत आली.

"मी राहते, मावशी. ल्युडमिलाबाईंना फोन केलाय. आई काही विचारत नाहीये ना, म्हणूनच तिला सगळं सांगावंसं वाटतंय. सांगते."

अग्रिपिनाने तिचं डोकं छातीशी धरलं. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे तिने तिथल्या तिथे सांगूनही टाकलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"हॉर्न काय वाजवताय, दादा?" युस्तिना रस्त्यावर जाऊन ओरडली. "खाली उतरा! आज या गावातून उपाशी जायचं नसतं! आणि तुम्ही सगळे, मागे बसलेले, चला, आत या!"

"अहो ताई, मला उशीर…"

"कोण कुठले ते विचारत नाही. पण जेवल्याशिवाय सोडायची नाही!"

ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, मग नाकाने वास घेतला आणि इंजिन बंद केलं. चौदा प्रवासी एकेक करत उतरले, आणि युस्तिना फाटकात उभी राहून प्रत्येकाला हाताला धरून आपल्या घरात नेऊ लागली.