हाकेच्या अंतरावरचा चहा

"साहेब, लोकेशन बघा! मेन रोड हाकेच्या अंतरावर हाय," एजंट दिनेश छाती फुगवून म्हणाला. रस्ता दिसत होता, खोटं कशाला बोला? फक्त मधे कुंडलिका नदी होती.

मी व्हॅल्युअर. बँक कर्ज देण्याआधी जागेची खरी किंमत काय, ते बघून रिपोर्ट देतो. रिपोर्ट हातात पडेपर्यंत एजंट मला जावयासारखं वागवतात.

गिऱ्हाईक पेणचे म्हात्रे. बारा वर्षं नैरोबीत सुपरवायझर. आई पेणला एकटी, गुडघे गेलेले. तिला घेऊन राहायला घर बांधायचं, म्हणून सगळी कमाई आणि वर बँकेचं कर्ज या प्लॉटवर लावायला निघाले होते.

"नैरोबीत गावाबाहेर बायपास आला, तशी माळाची जमीन सोन्याच्या भावाने गेली," म्हात्रे म्हणाले. "तवा घेतली नाय. आता चुकायचं नाय."

"त्या माळावरून बायपासला लागता येत होतं?"

"म्हंजे काय! गाडी थेट दारात."

मेख इथेच होती. भाव रस्ता दिसण्याचा नसतो, रस्त्याला लागण्याचा असतो. या वाटेला आम्ही ॲप्रोच म्हणतो. इथे ॲप्रोच म्हणजे शेताचा अरुंद बांध. त्यावरूनच आम्ही आलो होतो, दिनेश बूट हातात घेऊन. नैरोबीत रस्ता येतो, मग भाव वाढतो. आमच्याकडे भाव आधी येतो, रस्ता नातवाच्या लग्नाला.

"दिनेशशेठ, पलीकडे टपरी दिसते. हाक मारा, तीन चहा सांगा."

तो खरंच ओरडला, "ओ मावशी! तीन चहा!"

पलीकडून खणखणीत उत्तर आलं, "ठेवते रे! पण अष्टमी गावच्या पुलावरून फिरून येईस्तवर थंड व्हईल!"

दिनेश हसला. म्हात्रे बांधाकडे बघत राहिले. "आईला दवाखान्यात कसं नेणार इथून?"

"पूल येणार हाय ना," दिनेश म्हणाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मी शाळेत होतो तवापासून."

रिपोर्टमध्ये लिहिलं: शेतजमीन, वाहनाला रस्ता नाही. बँकेने कर्ज नाकारलं. म्हात्रे माझ्यावर महिनाभर रुसले, मग पेणलाच तळमजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. आई आता भाजी आणायला स्वतः जाते. दिनेशने नवी जाहिरात छापली: "नदीकिनारी, वर्दळीपासून दूर." याही वेळी एक अक्षर खोटं नव्हतं.

तुम्ही प्लॉट बघायला जाल, तेव्हा आधी मेन रोडवरून चहा मागवा. गरम पोचला, तरच टोकनच्या पैशाचं बोला.