शिंपल्यांची पूड

वस्त्रगाळ हे काही तिचं खरं नाव नव्हे. औषधवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत तिने नऊ वर्षं पूड दळली आणि नुसती बारीक पूड तिला कधी चालली नाही. यंत्रातून निघालेली पूड आधी चाळणीतून, मग मलमलीच्या फडक्यातून, आणि फडक्यावर उरेल तो रवा पुन्हा खलात. दुकानातले लोक म्हणायचे, हिच्याशी बोलायचं तर शब्दसुद्धा गाळून आणावे लागतात. थट्टेतलं नाव अंगाला चिकटलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

शाळा सातवीत सुटली होती. लग्नानंतर तिने लोकांची धुणीभांडी केली, शिवणकारखान्यात बटणं लावली, पण तुझ्यासारखं काम दुसऱ्याला जमत नाही असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते पहिल्यांदा म्हणाला औषधवाला. साठीचा माणूस, गोड बोलणारा, सदऱ्याला कधी डाग नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की तो मागचा पडदा सारून तिला दाखवायचा आणि सांगायचा, आमची सगळी भिस्त या बाईच्या जिभेवर आहे.

कारण तिची खरी करामत जिभेचीच होती. पूड उतरली की नाही हे बोटांना कळत नाही, असं ती म्हणायची. ती चिमूटभर पूड जिभेच्या टोकावर घेई, टाळूला घासून बघे, मग पुढच्या दातांत हलकेच चावे. जराशी कच लागली तरी अख्खा घाणा परत खलात जायचा. मुळ्या असोत, साली असोत, बिया असोत, दिवसातून दहाबारा वेळा ती अशी चव घ्यायची आणि पदराला जीभ पुसून पुढच्या कामाला लागायची.

दुकानात सगळ्यात जास्त खप होता पांढऱ्या पुडीचा. गुडघे, कंबर, पाठ, जे दुखेल त्यावर ती चालायची. पाकिटावर लिहिलेलं असायचं 'शिंपल्यांची पूड'. माल पंधरा दिवसांनी गोणीतून यायचा, आधीच भाजून फोडलेला, करड्या-पांढऱ्या तुकड्यांचा. एकदा तिने एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. आतून तो मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार होता. शिंपल्याच्या पोटात जाळी कशी, असं तिने विचारलं, तेव्हा औषधवाला हसून म्हणाला की समुद्रात हजार तऱ्हेचे जीव असतात. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. तिला ते पटलं. पटलं नाही, मी पटवून घेतलं, असं ती नंतर म्हणायची.

घरी नवरा आणि सासू. नवरा गोदामात हमाली करायचा. मागे पोत्यांची थप्पी पायावर कोसळली होती, तेव्हा त्याच्या नडगीत डॉक्टरांनी धातूची पट्टी बसवली आणि दीड वर्षाने काढली. काढलेली पट्टी त्याने हट्टाने मागून घेतली आणि कपाटात ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला ती त्याला पदकासारखी वाटायची. सासूचे गुडघे जवळजवळ गेलेलेच होते. सुनेने तीन वर्षं रोज सकाळी चमचाभर पांढरी पूड कोमट दुधातून दिली आणि म्हातारी हळूहळू भिंत धरून चालायला लागली, मग भिंत सोडूनही. शेजारपाजारी ती सांगायची, पोटच्या पोराने केलं नाही ते या परक्या घरच्या पोरीने केलं.

एका मंगळवारी सकाळी यंत्र कर्कश ओरडलं आणि बंद पडलं. गोणीत कधीमधी खडा यायचा. तिने झाकण काढून आत हात घातला, तर हाताला लागली बोटभर लांबीची पट्टी. चार भोकं, त्यातल्या दोन भोकांत अजून स्क्रू, आणि एका स्क्रूला करडा तुकडा घट्ट चिकटलेला.

ती बघत राहिली. ही पट्टी काय आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने गोणी जमिनीवर उपडी केली आणि जे नऊ वर्षं नुसते तुकडे होते त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. एक गोलसर टोक, दाराच्या मुठीसारखं. एक चपटं, बशीच्या कडेसारखं वळलेलं. एका तुकड्यात तीन खळगे, आणि तिसऱ्या खळग्यात दाढ.

भीती नंतर आली, रडू तर आलंच नाही. आधी तिला तोंडातली स्वतःची जीभ जाणवली. सकाळीच एका घाण्याची चव घेऊन झाली होती. दातांच्या फटीत अजून काहीतरी होतं. ती मोरीकडे धावली, नळ सोडला, चुळा भरल्या, मग कपड्यांचा साबण जिभेवर घासला, मग मलमलीचं फडकं. रक्त आलं तरी ती घासत राहिली. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं, आणि काही उरलं नाही तेव्हा नुसती आतडी पिळवटत राहिली. दर वेळी वाटायचं आता संपलं, आणि मग हिशेब मनात यायचा, दिवसाला किती चिमट्या आणि नऊ वर्षांच्या किती, की पुन्हा उमासा.

औषधवाल्याने नाकारलं नाही. त्याने दार लावलं, तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि पाठ फिरवलेल्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं समजावलं. गावाबाहेरच्या दफनभूमीत पंधरा वर्षांनी जुनी जागा मोकळी करतात. नातेवाइकांना पत्र जातं. कुणी आलं नाही तर निघालेलं सगळं एका कोठडीत टाकतात. तिथला राखणदार ते भाजून, फोडून पाठवतो. नाहीतरी कोठडीत पडूनच राहिलं असतं, तो म्हणाला. भाजल्यावर हाड उरत नाही, चुना उरतो. चुन्याला नाव नसतं, गाव नसतं. तुझी सासू चालायला लागली ना?

तिने विचारलं, "त्यांना विचारलं होतं का?"

"कुणाला?"

"ज्यांची हाडं, त्यांना. आणि ज्यांना खायला घातली, त्यांना."

त्याने पाण्याचा पेला तिच्याकडे आणखी सरकवला. मग त्याच गोड आवाजात म्हणाला, "गावभर सांगायचं तर सांग. पण लोक पहिल्यांदा विचारतील, दळलं कुणी? आणि चाखलं कुणी?"

ती पट्टी मुठीत घेऊन घरी आली. नवरा जेवायला आला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने कपाटातली पट्टी काढली, दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या आणि लगेच आपली उचलून सदऱ्याला पुसली. ताटातला घास तसाच टाकून उठला. त्या दिवसापासून आपला चहा तो आपण करायला लागला. जेवायला बसला तरी भाकरी स्वतः वाढून घ्यायचा, ती हात पुढे करायच्या आत. तुझी किळस येते असं तो कधी म्हणाला नाही. पण झोपताना तो भिंतीकडे तोंड करायचा, आणि ती उताणी पडून तोंड घट्ट मिटून श्वास घ्यायची, आपला श्वास त्याच्या मानेला लागू नये म्हणून. तिला त्याचा राग यायचा नाही. आपल्या जागी तो असता तर आपणही हेच केलं असतं, हे तिला माहीत होतं.

सासूला सांगायला तिला दोन दिवस लागले. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, मग पायांवरची चादर सारखी केली आणि विचारलं, "घरात उरलीय का थोडी?"

वस्त्रगाळला वाटलं, सासूला नीट कळलं नसावं. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी दाढेचंही.

"बहिरी नाही मी," म्हातारी म्हणाली. "मेलेलं माणूस मला उचलून उभं करत असेल तर मला चालतं. जिवंत कोण आलंय उचलायला? तू दिवसभर कामावर, हा दिवसभर गोदामात. मी त्या खाटेवर किती वर्षं मुतले ते आठवतं ना? मला ते परत नको. मी मेले की माझीही हाडं घ्या, दळा, कुणाला लागतील त्याला द्या."

वस्त्रगाळने पुडीचा डबा उचलला आणि मोरीत रिकामा केला. पांढरं पाणी जाळीतून खाली जाताना म्हातारी खाटेवरून बघत होती, आणि तिच्या नजरेत निव्वळ हाव होती. पुढे कितीतरी दिवस तिला सासूचं उष्टं ताट उचलवेना. ती ताटाला कागद धरून उचलायची.

आठवड्याने ती आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबाने नमुना घेतला, पट्टी एका लिफाफ्यात टाकली आणि तिला पावती दिली. दुकानाला टाळं लागलं. पण टाळं लावलं म्हणजे घरोघरी पोचलेली पूड परत येत नाही, म्हणून तिला आठवत होत्या तेवढ्या गिऱ्हाइकांच्या दारात ती स्वतः जाऊन उभी राहिली. कुणी धक्के मारून हाकललं. एक बाई उंबऱ्यातच ओकली आणि मग तिने वस्त्रगाळलाच ते पुसायला लावलं. तिने पुसलं. एका गृहस्थाने शांतपणे ऐकून घेतलं, जिन्यापर्यंत मागे आला आणि हळूच विचारलं की दुकानात शिल्लक माल किती आहे आणि तो कुठे मिळेल.

यादीत शेवटचं दार होतं मास्तरीणबाईंचं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. दर महिन्याला दुकानात यायच्या आणि पडद्याआड डोकावून वस्त्रगाळची विचारपूस करायच्या, एकट्या त्याच. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. दफनभूमीचं नाव निघेपर्यंत त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, कोणत्या वर्षीच्या जागा मोकळ्या केल्या.

त्यांचे यजमान तिथेच होते. चार वर्षांपूर्वी पत्र आलं होतं. तेव्हा गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नव्हता, आणि मातीत आता काय उरलं असेल असं म्हणून त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. पांढरी पूड सुरू केली त्याच हिवाळ्यात.

"त्यांच्या पायात पट्टी होती का?" वस्त्रगाळने विचारलं. दुसरं काय विचारावं ते तिला सुचलं नाही.

"नव्हती." मग ड्रॉवरकडे बघत, "पण म्हणून काय. गोणीत एकटाच माणूस असतो थोडाच."

त्यांनी तिला जायला सांगितलं. ती दारात पोचल्यावर म्हणाल्या, "तुम्ही हे मला सांगायला नको होतं."

महिन्याभराने अहवाल आला. पुडीत जंतू नाहीत, विष नाही, खाण्यास अपायकारक असं काही आढळलं नाही. लेबलावर खोटं लिहिलं म्हणून औषधवाल्याला दंड झाला आणि राखणदाराची नोकरी गेली. नऊ वर्षं ती जे चाखत आली त्यात अपायकारक काही नव्हतं, हे साहेबाने तिला दोनदा वाचून दाखवलं, धीर द्यावा तसं. तिला वाटलं, विष निघालं असतं तर बरं झालं असतं. विषाला निदान उतारा असतो.

जप्त केलेल्या सहा गोण्या परत दफनभूमीत पाठवायचं ठरलं. त्या पुन्हा कोठडीत जाऊ नयेत, मातीत जाव्यात, असा तिने अर्ज केला, आणि हो-ना करता करता परवानगी मिळाली, खड्डा तुम्ही खणा या अटीवर. नवऱ्याला तिने विचारलं नव्हतं. पण त्या सकाळी तो फावडं घेऊन निघाला. गोदामात शंभर शंभर पोती पाठीवर वाहणारा तो माणूस या गोण्या दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून, तोंड फिरवून नेत होता. दर गोणीनंतर तो गवताला हात पुसायचा.

मास्तरीणबाई रिक्षाने आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. गुडघे पुन्हा सुजले होते, दोन काठ्या होत्या. गोण्यांची तोंडं सोडली तेव्हा त्या खड्ड्याच्या कडेला उभ्या राहिल्या. आत तुकडे होते आणि तयार पूडही होती, वस्त्रगाळच्याच हातची, मैद्यासारखी. वाऱ्याने ती थोडी उडाली. तिघांनीही एकदम श्वास रोखला आणि तोंडावर हात धरला.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला रडू यायला हवं होतं. यात ते असतील, निदान थोडे. पण मला फक्त मळमळतंय. माझ्या माणसाची मला किळस येतेय, हे मी कुणाला सांगू?"

वस्त्रगाळने त्यांच्या काठ्या धरल्या, कारण बाई वाकल्या होत्या. ओकून झाल्यावर त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि तो रुमालही खड्ड्यात टाकला. नवऱ्याने माती लोटली.

आता ती एका लाँड्रीत इस्त्री करते. सासू पुन्हा खाटेवर आहे. रोज सकाळी कामावर जायच्या आधी सून तिचे गुडघे तेलाने चोळते आणि म्हातारी त्या वेळेपुरती तिला शिव्या देते. मास्तरीणबाई कधी रस्त्यात दिसतात. लांबूनच त्या पलीकडच्या कडेला जातात. दोन काठ्यांवर रस्ता ओलांडायला त्यांना फार वेळ लागतो, गाड्या थांबून राहतात. वस्त्रगाळ त्यांना हाक मारत नाही. त्या पलीकडे पोचेपर्यंत ती दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी राहते.