पाहुण्याच्या बाजूची खुर्ची

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "नंदाताई, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मी भेस्तानला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. दादा झोपेतच गेला. येत्या सोमवारी तो एका नव्या मिलमध्ये रुजू होणार होता. इस्त्रीचा शर्ट दारामागे टांगलेला होता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता त्या मिलवाल्यांना कोण कळवणार... अशा वेळी माणसाला काहीही सुचतं.

माझा थोरला भाऊ सुभाष हा हंगामी साहेब होता. एखाद्या मिलचा मालक अचानक वारला, भाऊ-भाऊ वेगळे झाले, मॅनेजर सोडून गेला, की त्याला बोलावणं यायचं. काही महिने सगळा कारभार बघायचा, घडी बसवायची आणि पुढचा माणूस तयार झाला की डबा उचलून निघायचं. मी जन्मभर बँकेत. रजा, बढती, पेन्शन, सगळं ठरलेलं. त्यामुळे त्याला उपदेश करायचा हक्क मला आपोआप मिळालेला. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," मी म्हणायची. तो म्हणायचा, "तुला कधी साहेबाला तोंडावर खरं सांगता आलं का? मला येतं, कारण मला जायचंच असतं." पण दोन कामांच्या मधले रिकामे महिने वहिनी कशा रेटतात ते मी बघत होते, आणि मला राग यायचाच.

त्याची एक रीत होती. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी तो मालकाच्या केबिनमध्ये जायचा आणि टेबलाच्या अलीकडे, पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचा. पलीकडची मोठी खुर्ची रिकामी. सह्या, भांडणं, व्यापाऱ्यांशी बोलणी, सगळं अलीकडूनच. मी एकदा कडोदऱ्याच्या मिलमध्ये गेले होते तेव्हा विचारलं, की अरे, साहेब ना तू, मग हे काय? आम्ही दोघंच असलो की तो घरच्या अहिराणीत बोलायचा. म्हणाला, "ती खुर्ची मनी नही शे. मी पाव्हना शे." म्हणजे खुर्ची त्याची नाही, तो पाहुणा.

ही कडोदऱ्याची मिल साड्यांचं कापड रंगवणारी. गुजराती मालक गेले आणि सगळं त्यांच्या मुलीवर, हेतलवर आलं. शिकलेली, हुशार, पण कारागिरांसमोर तिचा आवाज फुटत नसे. दादा तिला रोज शेजारी बसवून शिकवायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमेला मिल उघडली, पूजा झाली, आणि हेतलने सगळ्यांदेखत दादाला टिळा लावून तिच्या वडिलांच्या खुर्चीत बसवलं. "अंकल, हवे तमे ज रही जाओ," म्हणाली. आता तुम्हीच राहून जा. कायमची नोकरी, तीही साठीच्या उंबरठ्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा दादा त्या बाजूला बसला. संध्याकाळी पेढे घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बरं वाटलं गं." मी त्याच दिवशी वहिनींना सांगून टाकलं, की सुटलात एकदाच्या.

महिन्याभरात त्याने नकार कळवला. मी भडकले. तो शांतपणे म्हणाला, "मी बठनू ना, तठेच चुकनं." तो बसला, तिथेच चुकलं होतं. खुर्ची रिकामी होती तोवर लोक निदान हेतलकडे बघून बोलायचे. तो बसल्यापासून तिला कुणी काही विचारेना. रंगाची छटा, पाळी, रजा, सगळं साहेबाला. ती स्वतःच चहाचं सांगून कोपऱ्यात बसायला लागली. "मी राहिलो तर ती कायमची पाहुणी होईल," तो म्हणाला. आधी ठरलेली मुदत संपायच्या आतच त्याने तिला त्या खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसून चहा प्यायला आणि निघाला. मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. परक्याच्या पोरीसाठी घरच्या बाईची झोप घालवली, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी हेतल आली. सकाळी येते म्हणाली होती, आली दुपारी. बॉयलर बंद पडला, रंगात घातलेलं कापड अडकलं, ते काढायचं की ठेवायचं यावर सगळे थांबलेले. "बधा मने ज पूछता हता," ती म्हणाली. सगळे मलाच विचारत होते. हे सांगताना तिचा आवाज जराही चाचरला नाही. मग दमून तिने इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली.

ती दादाची खुर्ची. जगात तेवढी एकच त्याची स्वतःची होती. तो गेल्यापासून आम्ही कुणी तिच्यात बसलो नव्हतो. वहिनी रोज नुसती पुसायच्या. हेतलला हे कसं माहीत असणार... वहिनी तिला सांगायला पुढे झाल्या. मी त्यांचा हात धरला. मला रडू येत होतं आणि तोंडून अहिराणीच निघाली.

"बठू दे, वहिनी."